पेट क्लिनिकच्या एक्स-रेचं सेफ्टी किट: कशाला पैसे द्यावेत, कशाला देऊ नयेत

पेट क्लिनिकमध्ये एक्स-रे मशीन आलं की त्याच्या पाठोपाठ विक्रेत्याचं एक ‘सेफ्टी किट’ येतं. त्यात एक लेड एप्रन, एक थायरॉइड कॉलर, एक जोडी लेड ग्लव्हज आणि फारच उदार विक्रेता असेल तर एप्रनचा हँगर. या किटमधल्या वस्तूंचा हा रिव्ह्यू आहे, आणि किटमध्ये नसलेल्या पण खरं काम करणाऱ्या वस्तूंचाही. डोळ्यांसमोर ठेवलेलं क्लिनिक साधं आहे: एक-दोन डॉक्टर, एक मदतनीस, पेशंट म्हणजे कुत्री-मांजरं, एक पोर्टेबल हाय-फ्रीक्वेन्सी मशीन आणि एक डीआर पॅनल, म्हणजे फिल्मऐवजी फोटो थेट स्क्रीनवर पाठवणारी डिजिटल पाटी.

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. किटमधल्या ग्लव्हजवर लोकांचा सगळ्यात जास्त भरवसा असतो आणि त्यांचाच उपयोग सगळ्यात कमी होतो. सगळ्यात उपयोगी वस्तू, म्हणजे वाळूची पिशवी, या किटमध्ये नसतेच, ती शिंप्याकडून शिवून घेतलेली बरी.

माणसाला ‘हलू नका’ म्हटलं की तो हलत नाही आणि टेक्निशियन भिंतीआड जाऊन बटण दाबतो. कुत्रा ऐकत नाही, म्हणून त्याला कोणीतरी धरतं. त्या कुत्र्याला वर्षातून दोन-चार एक्स्पोजर मिळतील. धरणारा मदतनीस मात्र रोज तोच असतो आणि प्रत्येक एक्स्पोजरला तिथेच असतो. जनावरांच्या एक्स-रेतला सेफ्टीचा प्रश्न मुख्यतः या माणसाचा आहे. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०२२ साली प्रकाशन क्रमांक १५३ खास पशुवैद्यकीय वापरासाठी काढलं. त्याआधी २००४ साली अमेरिकेच्या एनसीआरपी या किरणोत्सर्ग संरक्षण परिषदेचा १४८ क्रमांकाचा अहवाल याच विषयावर आला होता. आपल्याकडे मात्र ‘जरा घट्ट धर रे’ हीच प्रोटोकॉल असलेली क्लिनिकं अजून भरपूर आहेत.

अंतर: किंमत शून्य

खोलीतल्या माणसाला मिळणारा डोस मुख्यतः जनावराच्या अंगावरून उडणाऱ्या स्कॅटरचा, म्हणजे विखुरलेल्या किरणांचा असतो. ढोबळ हिशेब असा की जनावराच्या कातडीवर जेवढा डोस पडतो त्याचा साधारण हजारावा भाग एक मीटरवरच्या माणसापर्यंत पोचतो. अंतर दुप्पट केलं की तो चौथाईवर येतो. आता कुत्र्याचं डोकं धरून टेबलावर वाकलेला मदतनीस घ्या. त्याचा चेहरा कुत्र्यापासून ३० सें.मी.वर आहे, तिथे स्कॅटर एक मीटरवरच्या अकरापट. तोच माणूस दोन मीटरवर गेला तर ३० सें.मी.वरच्या डोसचा चव्वेचाळिसावा भाग उरतो. चांगला एप्रन याहूनही जास्त अडवतो हे खरं, पण एप्रन चेहरा, डोळे, हात आणि पोटऱ्या झाकत नाही. दोन मीटर अंतर सगळंच झाकतं.

म्हणून मशीन घेताना एक्स्पोजर स्विचची केबल मोजून घ्या. दोन मीटरपेक्षा आखूड केबल असलेलं मशीन घेऊ नका. लांब मिळाली तर उत्तम. बटण सोडल्याबरोबर एक्स्पोजर थांबतं का, हेही डेमोच्या वेळीच बघा. पोर्टेबल मशीन हातात धरून फोटो काढायची सवय काही ठिकाणी दिसते. ट्यूब अंगाला टेकवून धरली की अंतराचा फायदा गेलाच, शिवाय हात हलून फोटोही हलतो. स्टँडशिवाय पोर्टेबल विकत असतील तर स्टँडची किंमत मिळवूनच कोटेशनची तुलना करा.

वाळूच्या पिशव्या आणि फोम: सगळ्यात आधी हेच घ्या

माणूस दोन मीटर मागे जायचा तर कुत्रा त्याच्याशिवाय टेबलावर राहिला पाहिजे. ते काम वाळूच्या पिशव्या, फोमचे वेज (उतरते तुकडे), व्ही आकाराचा ट्रफ (पन्हळ) आणि बांधायची पट्टी करतात.

बाजारात तयार पोझिशनिंग सेट मिळतात. ते देखणे असतात, पण पिशव्या अनेकदा गच्च भरलेल्या येतात, आणि गच्च पिशवी दगडासारखी पायावरून घरंगळते. पिशवी लोंबली पाहिजे, पायाभोवती वळली पाहिजे. त्यासाठी दोन-तृतीयांशपेक्षा जास्त भरू नये. शिवून घ्यायची तर मापं अशी: छोटी पिशवी १५ × ३० सें.मी., आत दीड किलो वाळू. मानेवरची लांब पिशवी १२ × ७० सें.मी.; दोन टोकांना एकेक किलोचे कप्पे आणि मधला १४ सें.मी.चा भाग रिकामा, आडवी शिवण मारून बंद केलेला. हा रिकामा भाग मानेवर येतो आणि वजन दोन्ही बाजूंना टेबलावर बसतं, श्वासनलिकेवर येत नाही. सहा छोट्या आणि दोन लांब पिशव्यांत लॅब्रॅडॉरपासून मांजरापर्यंत काम भागतं.

वाळू चाळून, धुऊन, कडक उन्हात वाळवलेली हवी. ओली वाळू भरली तर पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, महिन्याभरात पिशवीला वास मारतो आणि कापड कुजतं. आत जाड प्लास्टिकची सील केलेली पिशवी, बाहेर रेक्झिन, कडांना दुहेरी शिवण. रेक्झिन अशासाठी की प्रत्येक दुसरा पेशंट त्यावर लघवी करतो आणि जंतुनाशकाने पुसता आलं पाहिजे. वाळूऐवजी तांदूळ भरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वजन कमी, किडे जास्त.

एक मर्यादा लक्षात ठेवायची. वाळू फोटोत पांढरी दिसते. पिशवी कॉलिमेटरच्या (किरणांचा झोत आखून देणाऱ्या भागाच्या) प्रकाशचौकटीच्या बाहेरच हवी. छातीवर किंवा पोटावर ती कधीच ठेवायची नाही, आणि धापा टाकणाऱ्या जनावराच्या मानेवरही नाही.

फोममध्ये साधा पॉलियुरेथेन फोम चालतो. तो किरणांना जवळपास पारदर्शक असतो. ४५ अंशांचे दोन आणि १५-२० अंशांचे दोन वेज पुरतात. बारीक उतार असलेला वेज लॅटरल, म्हणजे कुशीवरच्या फोटोत छातीच्या हाडाखाली जातो. हा वेज नसला की खोल छातीचा कुत्रा कुशीवर कलंडतो, बरगड्या एकमेकींवर नीट पडत नाहीत आणि फोटो परत काढावा लागतो. वेजला धुता येणारं कव्हर घ्या. उघड्या फोमवर बेरियम (पोटाच्या फोटोआधी पाजायचं, फोटोत पांढरं दिसणारं औषध) सांडलं की ते आत मुरतं, आणि पुढच्या प्रत्येक पेशंटच्या पोटात एक पांढरा ठिपका दिसू लागतो. तो ठिपका मुतखडा समजून सोनोग्राफी सांगितली जाण्याआधी फोम बदला.

व्हीडी, म्हणजे उताण्या पोझसाठी ट्रफ लागतो. पारदर्शक ॲक्रिलिकचे ट्रफ मजबूत असतात, पण त्यांची कड फोटोत रेघ होऊन उमटते. फोमच्या ट्रफमध्ये ही कटकट कमी. ट्रफ कुठलाही असो, जो भाग बघायचा तो एकतर पूर्ण ट्रफमध्ये किंवा पूर्ण बाहेर ठेवा. छातीच्या मध्यावर ट्रफची कड आली की फोटो वाया.

पाय ताणायला इंचभर रुंदीची सुती पट्टी उत्तम. मनगटाच्या वर एक फास आणि त्याच्या खाली एक अर्धी गाठ, म्हणजे ताण दोन जागी विभागला जातो आणि पंजा निळा पडत नाही. दुसरं टोक टेबलाच्या हुकाला, नाहीतर वाळूच्या पिशवीखाली. नायलॉनची दोरी घेऊ नका, कातडी सोलवटते. पोटाच्या उजव्या लॅटरलचा क्रम असा बसतो: कुत्रा उजव्या कुशीवर, मानेवर लांब पिशवी, पुढचे पाय पट्टीने पुढे, छातीखाली बारीक वेज, मागचे पाय मागे घेऊन मांडीच्या खालच्या भागावर एक पिशवी, दोन मागच्या पायांमध्ये फोमचा तुकडा. मग प्रकाशचौकट लहान करायची, दोन मीटर मागे जायचं, आणि छाती वर-खाली होताना श्वास सोडल्याच्या क्षणी बटण दाबायचं. छातीच्या फोटोला उलट, पूर्ण श्वास घेतल्यावर.

सेडेशन

पिशव्या ठेवल्या तरी दुखऱ्या पायाचा जर्मन शेफर्ड स्वस्थ पडणार नाही, हा आक्षेप बरोबर आहे. त्याला उत्तर सेडेशनचं, म्हणजे गुंगीच्या औषधाचं. ब्युटॉर्फेनॉलसोबत मेडेटोमिडीन किंवा डेक्समेडेटोमिडीन आणि काम झाल्यावर गुंगी उतरवणारं ॲटिपामेझोल, हे जोडीचं सेडेशन एक्स-रेसाठी सोयीचं. कुत्रा थोड्याच वेळात उठून चालत घरी जातो. आपल्याकडे झायलाझीनच जास्त वापरलं जातं. ते स्वस्त आहे, पण उलटी होते आणि काही कुत्र्यांच्या पोटात गॅस भरतो, मग पोटाच्या फोटोत तोच दिसत राहतो. मेडेटोमिडीन, झायलाझीन या गटातल्या कुठल्याही औषधाने हृदयाचे ठोके मंदावतात आणि हृदयाची सावली थोडी मोठी दिसू शकते. हृदयाच्या आकाराचाच प्रश्न असेल तर औषध वेगळं निवडा, किंवा रिपोर्टमध्ये तसं लिहा. सेडेशनमध्ये कुशीवर पडून राहिलं की खालचं फुफ्फुस दबतं, म्हणून छातीचे फोटो सगळ्यात आधी काढायचे.

मांजरासाठी घरून निघण्याच्या दीड-दोन तास आधी गॅबापेन्टिन: निरोगी मोठ्या मांजराला साधारण १०० मि.ग्रॅ., म्हाताऱ्या किंवा किडनीच्या मांजराला निम्मं किंवा त्याहून कमी. दम लागलेल्या मांजराला मात्र उताणं करायचा हट्ट नको. त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात बसू द्या, ऑक्सिजनची नळी सोडा, आणि वरून डीव्ही, म्हणजे पोटावर बसलेल्या स्थितीतला फोटो घ्या. पुठ्ठा फोटोत जवळजवळ दिसत नाही. फक्त खोक्याला पिना नाहीत ना, बघा.

लेड ग्लव्हज

०.५ मि.मी. लेडची पाच बोटांची जोडी हातात घालून बघा. बोटं अर्धीच वाकतात, मांजराचा पाय हाताला जाणवत नाही, आणि जोडी जड असल्यामुळे मनगट लवकर भरून येतं. मग काय होतं ते कुठल्याही क्लिनिकमध्ये दिसेल. मदतनीस ग्लव्ह काढतो, उघड्या हाताने पाय धरतो आणि ग्लव्ह हातावर पांघरूण घातल्यासारखा ठेवतो. यात हाताची वरची बाजू थोडी झाकली जाते. पण स्कॅटर कुत्र्याच्या अंगातून आणि टेबलावरूनही येतं, म्हणजे खालून आणि बाजूने, आणि तिकडून हात उघडाच असतो. ग्लव्ह घातला तर पूर्ण घालायचा, नाहीतर हात तिथे ठेवायचाच नाही.

दुसरा गैरसमज जास्त धोक्याचा: ग्लव्ह घातला की हात झोतात नेला तरी चालतो. हे सामान स्कॅटरसाठी बनवलेलं असतं, थेट झोतासाठी नाही. शिवाय ग्लव्हसारखी दाट वस्तू चौकटीत आली की डीआरचं सॉफ्टवेअर फोटोचा उजळपणा चुकीचा ठरवतं, फोटो राखी किंवा करपलेला दिसतो, आणि परत एक्स्पोजर. वाचवायला घातलेल्या वस्तूनेच डोस दुप्पट झाला.

घ्यायचेच असतील तर मिटन प्रकार बघा. अंगठा वेगळा, बाकी बोटं एकत्र. ते घालायला-काढायला सोपे असतात आणि पकड थोडी बरी मिळते. तळवा उघडा असलेले ग्लव्हज पकडीला छान, पण वर सांगितलेली खालच्या बाजूची अडचण त्यांनाही आहे. रबराचे पातळ ‘रेडिएशन ॲटेन्युएटिंग’ ग्लव्हज कार्डिऑलॉजीच्या ऑपरेशन थिएटरसाठी बनतात. त्यांचं लेडमूल्य (किती जाडीच्या शिशाइतकं ते अडवतात तो आकडा) फार कमी असतं आणि कुत्रं धरायला ते देणं म्हणजे खोटा धीर देणं. पेट क्लिनिकने त्यावर पैसे घालवू नयेत.

ग्लव्हज आतून घामाने ओले होतात. वापरल्यावर दोन्ही तोंडं उघडी राहतील असे उभे ठेवा. काही लोक आत तळ नसलेली प्लास्टिकची बाटली घालून ठेवतात, ते चांगलं आहे. अंगठ्याच्या बेचक्यात आणि बोटांच्या मुळाशी आतलं लेड सगळ्यात आधी तडकतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. कुत्रा ग्लव्हला चावला असेल तर त्याच दिवशी ग्लव्हचाच एक्स-रे काढून बघा.

एप्रन आणि कॉलर

एप्रनमध्ये ०.२५, ०.३५ आणि ०.५ मि.मी. असे तीन पर्याय सर्रास मिळतात. कुत्र्या-मांजरांचं बहुतेक काम ८० केव्हीपीच्या (केव्हीपी किंवा केव्ही म्हणजे किरणांचा जोर) आत होतं. तिथे ०.२५ मि.मी.मधून स्कॅटरचे जेमतेम काही टक्के आरपार जातात, ०.५ मि.मी.मधून त्याहून बरेच कमी. म्हणून ‘सगळ्यात जाड तेच सगळ्यात चांगलं’ हे इथे पूर्ण खरं नाही. पाच-सहा किलोचा एप्रन मदतनीस दुपारनंतर खुंटीला लावून ठेवतो, आणि खुंटीवरचा ०.५ काही अडवत नाही.

आमची पसंती: खोलीत थांबावंच लागणाऱ्या माणसासाठी व्हेस्ट आणि स्कर्ट असा दोन भागांचा गुंडाळणारा एप्रन, ०.२५ मि.मी., पुढे दोन पदर येऊन ०.५ होणारा. निम्मं वजन कमरेवर जातं, खांदे वाचतात. आणि पाठही झाकली जाते, हे पेट क्लिनिकमध्ये महत्त्वाचं. कारण एक्स्पोजरच्या वेळी कुत्र्याकडे पाठ फिरवून उभं राहायची लोकांना सवय असते, आणि फक्त पुढून झाकणाऱ्या एप्रनमध्ये पाठ उघडी पडते.

लेडविरहित एप्रन बिस्मथ, अँटिमनी, टंगस्टन असल्या धातूंचे असतात आणि वजनाला हलके पडतात. त्यांच्या लेबलवर लेडमूल्यासोबत केव्हीची रेंज लिहिलेली हवी, कारण हे धातू सगळ्या ऊर्जेला सारखं अडवत नाहीत. नुसतं ‘०.५ समतुल्य’ लिहिलेलं आणि रेंज गायब, असा एप्रन परत करा.

थायरॉइड कॉलर ०.५ मि.मी.चा घ्या, वजनात फरक पडत नाही. मापाचा बघा. सैल कॉलर वाकताना पुढे लोंबतो आणि वरून गळा उघडा पडतो, आणि या कामात माणूस सतत वाकलेलाच असतो.

एप्रनची घडी घालायची नाही, खुर्चीच्या पाठीवर टाकायचा नाही. रुंद खांद्याच्या हँगरवर किंवा गोल दांड्यावर टांगायचा. धुवायचा तर ओल्या फडक्याने, सौम्य साबणाने. ब्लीच नको, मशीन तर नकोच. वर्षातून एकदा डीआर पॅनलवर पसरून ६०-७० केव्हीपीला त्याचे तुकड्यातुकड्याने फोटो काढा. भेगा काळ्या रेघा होऊन दिसतात. महत्त्वाच्या अवयवांवर १५ चौरस मि.मी.पेक्षा मोठं छिद्र दिसलं तर एप्रन बाद, हा रेडिओलॉजीत रुळलेला मापदंड आहे. बाद एप्रन भंगारात देऊ नये. फाटक्या कव्हरमधून शिशाची भुकटी निघते आणि भंगारवाल्याची मुलं त्यातच खेळतात. विक्रेत्याला परत घ्यायला सांगा, ही अट खरेदीच्या बिलावरच लिहून घ्या.

मशीन आणि पॅनल: इथला जादा खर्च सेफ्टीतच मोजा

पोर्टेबल मशीनच्या पत्रकात केव्ही ठळक असतं आणि एमए (किरणांचं प्रमाण ठरवणारा आकडा) बारीक अक्षरात. उलटं वाचा. छातीच्या फोटोला ३ एमएएस (एमए गुणिले सेकंद) लागतंय असं धरू. १५ एमए देणाऱ्या मशीनला त्यासाठी ०.२ सेकंद लागतात, १०० एमएच्या मशीनला ०.०३. धापा टाकणारा कुत्रा ०.२ सेकंदात हमखास हलतो. फोटो अंधुक, परत एक्स्पोजर, परत धरणं. कमी एमएचं स्वस्त मशीन अशी किंमत वसूल करतं. मग लोक वेळ कमी करायला ट्यूब ७० सें.मी.वर आणतात, एमएएस निम्म्यावर येतं खरं, पण जनावराच्या कातडीवरचा डोस वाढतो, आकार फुगतो आणि कडा धूसर होतात. १०० सें.मी. कायम ठेवा, मशीन दमदार घ्या.

कॉलिमेटर दिव्याचा हवा, फक्त पत्र्याचा शंकू नको. बसवल्यावर पहिल्याच दिवशी तपासा: प्रकाशचौकटीच्या चारही कडांवर आतून एकेक नाणं टेकवा, प्रत्येकाला खेटून बाहेरून दुसरं, आणि एक्स्पोजर घ्या. किरणांची कड नाण्यांच्या सांध्यावर यायला हवी. १०० सें.मी. अंतरावर २ सें.मी.पेक्षा जास्त फरक पडला तर इंजिनिअरला बोलवा. खड्ड्यांतून फिरवलेल्या पोर्टेबलचा आरसा हमखास सरकतो, म्हणून घरपोच सेवा देणाऱ्यांनी हे दर महिन्याला करावं. ट्यूबजवळचं निरुपयोगी मऊ किरण गाळणारं एकूण फिल्ट्रेशन २.५ मि.मी. ॲल्युमिनियमइतकं असल्याचं कागदावर बघा. मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाची म्हणजे एईआरबीची टाइप ॲप्रूव्हल (त्या मॉडेलची मंजुरी) आहे का आणि मंडळाच्या ईलोरा या ऑनलाइन पोर्टलवरची कागदपत्रं कोण करून देणार, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या.

पॅनल सिझियम आयोडाइडचा घ्या. गॅडॉक्सचा (गॅडोलिनियमच्या संयुगाचा) स्वस्त असतो, पण तितक्याच चांगल्या फोटोला त्याला जास्त डोस लागतो. ग्रिड (स्कॅटर पॅनलपर्यंत पोचू न देणारी जाळी) काढता-घालता येणारी हवी. साधारण १० सें.मी.पेक्षा जाड भागालाच ती लावायची. मांजराला आणि पमेरियनला ग्रिड लावली तर एमएएस उगाच दोन ते चार पट वाढतं.

आणि एक लाकडी कॅलिपर. जाडी मोजल्याशिवाय केव्ही ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. जुना नियम सुरुवातीला पुरतो: सें.मी.मधली जाडी दुप्पट करून त्यात ४० मिळवा. २० सें.मी.चं पोट म्हणजे ८० केव्हीपी. पुढे आपल्या पॅनलप्रमाणे तक्ता सुधारून भिंतीवर लावा.

फिल्मच्या जमान्यात जास्त एक्स्पोजर दिलं की फोटो काळा पडायचा आणि चूक कळायची. डीआरमध्ये जास्त डोसचा फोटो उलट जास्त छान दिसतो. म्हणून हळूहळू सगळेच आकडे वर सरकतात. स्क्रीनच्या कोपऱ्यात डीआय (डेव्हिएशन इंडेक्स) म्हणून एक आकडा असतो. शून्य म्हणजे ठरलेला डोस, +३ म्हणजे त्याच्या दुप्पट, −३ म्हणजे निम्मा. रोजचे फोटो +३ वर असतील तर तक्ता खाली आणा. आणि सॉफ्टवेअरमधलं क्रॉपचं बटण: एक्स्पोजरनंतर फोटो कापला की फोटोतली बोटं जातात, डोस जात नाही. क्लिनिकच्या मालकाने महिन्यातून एकदा न कापलेले मूळ फोटो उघडून बघावेत. बोटांची हाडं दिसली की ग्लव्हजवर व्याख्यान द्यायची गरज उरत नाही.

मालकाने धरणं

‘आमचा मोती माझ्याशिवाय कोणाला हात लावू देत नाही’ हे दर दोन मालकांमागे एक सांगतो. मालक सर्वसामान्य जनतेत मोडतो. त्याची वर्षाची मर्यादा १ मिलिसीव्हर्ट (डोसचं एकक). एका फोटोने ती ओलांडली जात नाही, पण प्रश्न सवयीचा आहे आणि बाई गरोदर आहे का हे कोणी विचारतच नाही. ‘काका, फोटो होईपर्यंत दोन मिनिटं बाहेर बसता का? मोतीला आम्ही औषध देऊन झोपवतो, त्याला त्रास होणार नाही,’ एवढं बहुतेकांना पुरतं. खरंच पर्याय नसेल तर एप्रन आणि कॉलर घालून, हात चौकटीच्या बाहेर ठेवून, एकदाच. आणि रजिस्टरमध्ये नोंद. अठराखालच्या मुलांना खोलीत प्रवेश नाही. कुत्र्याच्या अंगात नंतर ‘रेडिएशन राहतं का’, या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे. बटण सुटलं की किरण संपले.

बॅज, आणि बॅजसारखं दिसणारं

माणसाला मिळालेला डोस मोजणाऱ्या टीएलडी बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. बीएआरसीत विकसित झालेली ही पद्धत देशभर चालते. बॅज छातीवर, एप्रनच्या आत. तीन महिन्यांनी तो रीडिंगला पाठवायचा. कामगाराची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३०. पेट क्लिनिकमध्ये याच्या आसपासही पोचायचं कारण नाही. पण छातीवरचा बॅज हातांचं काही सांगत नाही. जिथे अजूनही हाताने धरलं जातं तिथे मनगटाचा बॅज मागवा.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त गायगर काउंटर (किरण मोजायची छोटी यंत्रं) यासाठी घेऊ नका. मिलिसेकंदांत संपणाऱ्या एक्स-रेच्या झटक्यात त्यांची नळी गोंधळते आणि खरा डोस असेल त्याहून खूपच कमी दाखवते.

बॅजचं रीडिंग अचानक वाढून आलं तर आधी तो बॅज माणूस कामावर नसताना कुठे होता ते बघा. एप्रनलाच अडकवून एक्स-रेच्या खोलीत टांगलेला बॅज माणूस घरी गेल्यावरही दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंचा डोस जमवत राहतो. कंट्रोल बॅज (कोणी न घालायचा, तुलनेसाठी ठेवलेला) त्याच खोलीच्या ड्रॉवरमध्ये ठेवला असेल तर उलटं होतं. वजाबाकीत सगळ्यांचे आकडे खोटे कमी येतात. तो स्वागतकक्षाच्या कपाटात, मशीनपासून दूर हवा. दोघांनी एक बॅज आलटून पालटून लावला असेल तर त्या तिमाहीच्या आकड्याचा काही उपयोग नाही. हे सगळं ठीक असेल, तर त्या तिमाहीतले न कापलेले फोटो काढा आणि परत काढावे लागलेले किती, सेडेशनशिवाय काढलेले किती, हे मोजा. वाढ कुठून आली ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं.